काटासाहेब आणि सदर इसम

आपण मांजर पाळलेलं नाही, असं काटासाहेब सगळ्यांना सांगत. मांजर त्यांच्या मांडीवर बसलेलं असतानाही सांगत. पाळणं म्हणजे आणणं, नाव ठेवणं आणि खायला घालणं. यातलं आपण काहीही केलेलं नाही. सदर इसम स्वतःहून आला, इथे वास्तव्य करून आहे आणि आपण फक्त हरकत घेतलेली नाही. एवढं बोलून ते बशीत दूध ओतत. दूध खायचं नसतं, प्यायचं असतं, हा त्यांचा बचाव.

त्यामुळे त्या पिवळ्या बोक्याला इसम असंच नाव पडलं. ठेवलं नव्हतं, पडलं होतं.

मी साहेबांची भाडेकरू. तलासरीच्या एका कचेरीत माझी बदली झाली, तिथे मनासारखी जागा मिळेना, म्हणून डहाणू गावात, किनाऱ्यावरच्या आगर वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. सकाळी एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर शेअरच्या इको गाडीत स्वतःला कोंबून घ्यायचं. खोल्या दाखवताना त्यांनी एकच अट घातली. मासे शिजवायचे नाहीत, आणायचे नाहीत, आणि बाहेर खाल्ले तर उंबऱ्याबाहेर चूळ भरून आत यायचं. मी रत्नागिरीकडची. वारा सुटला की आगरला वाळत घातलेल्या बोंबलांचा वास माझ्या उशीपर्यंत यायचा, आणि त्या वासात बसून मला दुधी खावा लागायचा. पण भाडं रास्त होतं, विहिरीला बारमाही पाणी होतं. मी हो म्हटलं.

साहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली. एका पैशाला हात लावला नाही, हे त्यांचे शत्रूही मान्य करत. शत्रूच मान्य करत, कारण मित्र नव्हते. निवृत्त झाल्याचं त्यांना कोणी नीट समजावून सांगितलं नसावं. खिशात स्प्रिंगचा काटा घालून ते वाणगावच्या बाजारात जात आणि घेतलेली भाजी तिथेच, दुकानदाराच्या तोंडावर, पिशवीसकट टांगून पुन्हा मोजत. किराणावाला लांबूनच "आवो साहेब, आवो" म्हणत गोड हसायचा आणि मूठभर डाळ जास्त टाकायचा. साहेब ती जास्तीची डाळ बोटांनी निवडून परत पोत्यात टाकत. "जास्त हेसुद्धा चुकीचंच वजन आहे," ते म्हणत. किराणावाल्याचं हसू तिथेच आटायचं. कमी दिल्यावर पकडणारा माणूस त्याला समजत होता, जास्त दिल्यावर पकडणाऱ्याचं काय करायचं हे त्याच्या वाडवडिलांनीही शिकवलेलं नव्हतं.

पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. तिच्याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. मी त्यांना दिलेल्या आमटीत मीठ जास्त पडलं होतं, तेव्हा. म्हणाले, "तिच्या हाताला माप होतं." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी कोणाचीही ऐकली नाही.

काटासाहेब हे नाव अर्थात तराजूवरून पडलेलं. पण आगरच्या मासेवाल्या बायका तेच नाव निराळ्या अर्थानं घेत. माशाचा काटा घशात अडकला, की भाताचा गोळा गिळेपर्यंत निघत नाही, तसे हे. या बायकांवर साहेबांचा जुना दात होता, कारण साऱ्या तालुक्यात त्यांच्या कायद्याच्या हाती न लागलेल्या त्याच. मासे वजनावर विकतच नव्हत्या. फळीवर वाटे मांडायच्या, हा एवढा वाटा, हे एवढे पैसे, पटलं तर घ्या. काटाच नाही तर तपासणार काय आणि शिक्का कशावर मारणार. नोकरीत असताना साहेब एकदा त्यांना वजनाचं महत्त्व समजवायला गेले होते. तेव्हा जमनाबाई नावाच्या एका धिप्पाड बाईनं त्यांचं सगळं भाषण ऐकून घेतलं होतं आणि विचारलं होतं, "साहेब, तुम्ही मासे खाता?" साहेब नाही म्हणाले. "मग कशाला एवढा त्रास करून घेता," असं म्हणून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली होती. हा अपमान साहेबांनी निवृत्तीनंतरही जपून ठेवला होता.

आणि नेमका याच माणसाच्या घरात इसम राहायला आला.

इसम दूध पिऊन तृप्त होणाऱ्यांतला नव्हता. सकाळी साहेबांची पूजा चाललेली असताना तो कुंपणावरून आगरच्या दिशेनं निघायचा आणि थोड्या वेळानं तोंडात काहीतरी चंदेरी धरून परत यायचा. ते नेमकं स्वयंपाकघराच्या मधोमध आणून ठेवायचा, अर्धं खायचा आणि बाकीचं साहेबांकडे सरकवायचा. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, तिथे लादीवर बोंबील. साहेब दोन दिवस नुसतं पाणी मारत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. माल चोरीचा आहे, म्हणजे मालक कोणीतरी आहे, म्हणजे परत केला पाहिजे.

ते दृश्य मी सुट्टीचा दिवस असल्यामुळे डोळ्यांनी पाहिलं. पुढे साहेब, एका हातात सांडशी, सांडशीत अर्धा बोंबील, दुसऱ्या हातानं नाकाला रुमाल. मागे, आपण त्या गावचेच नाही अशा थाटात, इसम. आगरला बांबूंवर बोंबील टांगून बायका बसल्या होत्या. साहेबांनी सांडशी पुढे करून विचारलं, हा मुद्देमाल कोणाचा. जमनाबाई उठून जवळ आली. बोंबलाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, बोक्याकडे पाहिलं.

"माझाच," ती म्हणाली. "पण अर्धा परत घेऊन मी काय करू? एवढा खाल्लाय तर राहिलेला पण खा."

बायका हसल्या. साहेब हसले नाहीत. माल ज्याचा त्याला पोचला पाहिजे, एवढंच म्हणून त्यांनी बोंबील फळीवर ठेवला आणि सांडशी समुद्राच्या पाण्यात धुऊन घेतली.

त्या दिवसापासून तो रिवाजच झाला. इसम चोरी करायचा, साहेब परत करायचे. कधी जमनाबाईचा माल असायचा, कधी तिच्या शेजारणीचा, पण ओळख पटवायला जमनाबाईच लागायची. माशाला तोंड न लावता या माणसाला हळूहळू सगळे मासे ओळखू यायला लागले. आधी "तो लांबट" आणि "तो चपटा" असं चालायचं. पुढे पुढे ते माझ्या दारावरून जाताना तिटकाऱ्यानं सांगायला लागले, आज मांदेली आहे. मी आत दोडक्याची भाजी ढवळत असायची. त्या घरात मासे खाणारे आम्ही दोघंच, इसम आणि मी, आणि अट फक्त मला लागू होती.

इसमाचे बाकीचे उद्योगही काही कमी नव्हते. साहेबांनी कपाटावर पितळी वजनांची ओळ मांडून ठेवली होती, मोठ्यापासून लहानापर्यंत. उजाडलं की इसम तिच्यावरून चालत जाऊन एकेक वजन पंजानं खाली ढकलायचा आणि प्रत्येक आवाजानंतर थांबून साहेबांचं तोंड बघायचा. ते पुन्हा मांडत. दर रविवारी साहेब त्याला कापडी पिशवीत घालून काट्याला टांगत आणि वजन वाढलेलं पाहून समाधानानं म्हणत, "बघा, मी खायला घालत नसूनही." पिशवीतून फक्त एक चिडलेलं डोकं बाहेर असायचं.

म्हातारपण त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते पायऱ्या पूर्वीपेक्षा उंच बांधायला लागले होते. वर्तमानपत्रवाल्यांनी अक्षरं बारीक केली होती. तेवढ्याच पैशात कमी माल, वजनात मारण्याचाच प्रकार. काठी घ्या म्हटलं तर म्हणत, ज्याला आधाराची गरज आहे त्यानं घ्यावी, आणि कठड्याला धरून उतरत. मी भिंतीपलीकडून त्यांचं सकाळ-संध्याकाळचं बोलणं ऐकायची. काल दुपारी कुठे होतास? शांतता. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. शांतता. उत्तर दिलेलं नाही, याची नोंद घेतली आहे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, आत कोणाची तरी चौकशी चालू आहे. संध्याकाळी ते इसमाला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत. तो मधेच उठून गेला की वाक्य तिथेच थांबायचं. परत आला की पुढे.

मुलगी पुण्याला. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि रोज एकच विषय असायचा, बाबा, आता इकडे या, एकटे राहू नका. तेव्हा साहेब फोन फिरवून कोपऱ्यातल्या बोक्यावर धरत. एकटा कुठे आहे, आम्ही दोघं आहोत, असं ते तिला सांगत. म्हणजे आगरच्या बायकांसमोर मांजर त्यांचं नव्हतं आणि मुलीसमोर ते घरातलं माणूस होतं. खरं वजन आणि खोटं वजन या विषयावर साऱ्या तालुक्याला ऐकवणाऱ्या माणसाची ही दोन मापं होती, आणि ती मी त्यांना कधीच दाखवून दिली नाही, कारण भाडं रास्त होतं.

पडले ते एका दुपारी. मी तलासरीला होते. जमनाबाईचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, इसमानं काहीतरी मोठं चोरलं. तसं चोरलंही होतं. तिच्याकडे जावई यायचा होता, म्हणून तिनं एक चांगलं मोठं पापलेट बाजूला काढून ठेवलं होतं. इसमानं ते उचललं. अर्ध्या बोंबलाला हसणारी जमनाबाई या वेळी हसली नाही. पदर खोचून ती बोक्याच्या मागे निघाली आणि साहेबांशी भांडायचं ते सगळं वाटेत जुळवत घरात शिरली.

पुढचं मला तिनंच सांगितलं. स्वयंपाकघरात स्टूल उलटं पडलेलं. साहेब जमिनीवर, बोका माळ्यावर आणि पापलेट बोक्यात. मुद्देमाल जप्त करायला साहेब स्टुलावर चढले होते. एक पाय नको त्या बाजूला वळलेला, तोंड पांढरं पडलेलं. तिला पाहिल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते असं, "माल वर आहे."

जमनाबाईनं मालाकडे पाहिलं नाही. तिनं दिराला फोन केला. त्याचा टेम्पो मासळीच्या खेपेला निघायच्या बेतात होता. मासळी मोजायच्या ऐवजी त्यांनी साहेबांना मोजून मापून फळीवर उचललं आणि बर्फाच्या टपांच्या मध्ये आडवं ठेवलं. आमच्या घरात ज्याच्या वासासाठी चूळ भरावी लागायची, त्या वासात न्हाऊन साहेब हॉस्पिटलात पोचले. दारावरच्या माणसानं विचारलं म्हणे, आजोबा कुठल्या बोटीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी वापीला नेऊन ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, दुखऱ्या जागी बर्फ लागला ते बरंच झालं.

मुलगी धावत आली, रजा होती तोवर राहिली आणि पुण्याचं घर लावून घेते नि मग न्यायला येते, असं बजावून परत गेली. साहेब वॉकर घेऊन घरी आले. काठी नाकारणाऱ्या माणसाला चार पायांचा आधार. मी दिवसभर तलासरीला. तेव्हा रोज सकाळी बाजार आटपून जमनाबाई यायला लागली. कोणी तिला सांगितलं नव्हतं. ती साहेबांना उठवून बसवायची, पाणी भरायची, तांदळाची भाकरी आणि भाजी आणायची. त्यांच्यासाठी तिनं कोरं भांडं काढलं होतं, त्यात दुसरं काही शिजवत नव्हती. तरी साहेब पहिल्या दिवशी तिच्या हातांकडे बघत राहिले. "साबणानं धुतलेत," ती म्हणाली, "दोनदा. आता गिळा."

साहेबांनी गिळलं.

आणि असं असताना त्यांनी ती गोष्ट सुरू केली. एका संध्याकाळी फोनवर मुलगी म्हणत होती, त्या दिवशी घरात कोणी नव्हतं, काय झालं असतं म्हणून माझी झोप उडते. साहेब म्हणाले, इसम होता की. तोच आगरला गेला आणि बाईंना घेऊन आला. मी भिंतीपलीकडे होते. मला वाटलं, औषधांमुळे बोलताहेत.

पण गोष्ट वाढायला लागली. आधी इसम नुसता गेला होता. मग तो दारात जाऊन ओरडला होता. मग त्यानं बाईंचा पदर दातात धरला होता. मुलीनं ते मैत्रिणींना कळवलं, कोणीतरी गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, खाली हात जोडल्याची चित्रं आली. मुकी जनावरं माणसांपेक्षा बरी, असं ज्यांनी लिहिलं त्यांतल्या एकानंही साहेब पडल्यापासून घरात पाऊल टाकलं नव्हतं. शेवटी नाक्यावरच्या तरुण मंडळानं साहेबांच्या घरी येऊन इसमाचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि पेढे. मांजराच्या इमानावर भाषण झालं. भाषण चालू असताना सत्कारमूर्तींनी पेढ्यांचा पुडा फाडला, शाल ओरबाडली आणि पाहुण्यांच्या मनगटाला चावून ते कपाटावर जाऊन बसले. तेही सगळ्यांना फार गोड वाटलं.

जमनाबाईला हे बाजारात कळलं. एका गिऱ्हाइकानं तिला मोबाइलवर बोका दाखवला आणि विचारलं, मावशी, तुम्हांला बोलवायला आलेलं मांजर ते हेच ना.

दुसऱ्या दिवशी ती आली ती रिकाम्या हातानं. मी निघायच्या घाईत होते, पण पाय निघाला नाही. ती दारातच उभी राहिली.

"साहेब, बोक्यानं मला बोलावलं?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. म्हणाले, तो आला म्हणूनच तुम्ही आलात. तो आला नसता तर तुम्ही आला असता का.

"तो चोरायला आलेला."

"उद्देश काहीही असो. परिणाम बघा."

"परिणाम बघते ना," जमनाबाई म्हणाली. "त्यानं चोरलं नसतं तर तुम्ही स्टुलावर चढला नसता. माझं पापलेट गेलं, जावयाला मी पिठलं वाढलं, तुमचं वजन मी आणि माझ्या दिरानं उचललं. आणि शाल त्याला."

साहेब चष्मा पुसतच राहिले. जन्मभर दुसऱ्यांना कोंडीत धरलेल्या माणसाला कोंडीत सापडायची सवय नव्हती.  जमनाबाईनं कोरं भांडं कट्ट्यावरून उचललं आणि गेली.

त्यानंतर ती आली नाही. साहेबांनी रिक्षावाल्याबरोबर एक कुरतडलेला मासा पाठवून पाहिला. मासा तसाच परत आला. आमचं काही चोरीला गेलेलं नाही, असा निरोप होता. साहेब चहा-बिस्किटांवर दिवस काढायला लागले. मी सकाळी डबा ठेवून जायची, संध्याकाळी तो अर्धा भरलेला मिळायचा. पाणी भरायला कोणी नव्हतं. वॉकर घेऊन कळशी उचलता येत नाही, हे त्यांनी दोनदा करून पाहिलं. इसम मात्र मजेत होता. वर्तमानपत्र वाचणं बंद झाल्यामुळे त्याला बाहेर जायला वेळ मिळत होता.

एका संध्याकाळी मी त्यांना सरळच विचारलं. तुम्ही नको असलेली मूठभर डाळ परत करणारे, मग हे एवढं मोठं खोटं कशाला?

त्यांनी मांडीवरचा टॉवेल उलगडला. मग म्हणाले, "मी पडलो तेव्हा त्याला हाक मारली. नाव घेऊन. दोन-तीनदा मारली. त्यानं वरून माझ्याकडे पाहिलं आणि परत खायला लागला." मांडीवरच्या टॉवेलच्या ते घड्या घालत होते. "मुलीला मी रोज सांगतो, आम्ही दोघं आहोत. दोघं नाही आहोत, हे मला त्या दिवशी कळलं. तिला कसं सांगू? सांगितलं की तिकडे जावं लागेल. ते घर चांगलं आहे. जावई चांगला आहे. तिथे मी खोलीत बसेन आणि सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतील."

इतके दिवस मी या सगळ्याला हसतच आले होते. हसायची सवय लागलेल्या माणसावर अशी वेळ आली की त्याच्याकडे दुसरं काही नसतं. मी पाणी भरलं.

ठरल्याप्रमाणे मुलगी गाडी घेऊन आली. बांधाबांध झाली. पण निघण्याआधी तिला जमनाबाईचे आभार मानायचे होते. तिनं साडी आणली होती. आणि पुण्यात तिच्या मुलाला दाखवायला मांजर कुठून कुठे गेलं त्याचा व्हिडिओही करायचा होता. मी नको म्हणणार होते, पण साहेबच म्हणाले, चला. त्यांना गाडीत बसवून आम्ही आगरला गेलो.

जमनाबाई बोंबील उलटवत होती. आम्हांला पाहून तिनं हात थांबवले नाहीत. मुलीनं साडी पुढे केली, डोळ्यांत पाणी आणून चार चांगले शब्द बोलली आणि मग फोन वर धरून विचारलं, मावशी, मांजर तुम्हांला बोलवायला आलं तेव्हा नेमकं काय झालं, ते जरा सांगता का?

आजूबाजूच्या बायका थांबल्या. जमनाबाईनं साहेबांकडे पाहिलं. एका शब्दानं ती त्यांना उघडं पाडू शकत होती, आणि हो म्हणून आयुष्यभराच्या उपकाराखाली ठेवू शकत होती. दोन्हीतलं काय करावं, हे तिचंही ठरलेलं दिसेना.

साहेब वॉकर धरून गाडीतून उतरले. वाळूत वॉकर रुतत होता. ते उभे राहिले.

"फोन खाली घे," त्यांनी मुलीला सांगितलं. "मांजर बोलवायला आलेलं नव्हतं. मांजर माळ्यावर बसून मासा खात होतं. मी ओरडत होतो, ते खात होतं. मला या बाईंनी उचललं. यांनी आणि यांच्या दिरानं. पुढे रोज येऊन भाकरी यांनी दिली. मी जे सांगत होतो ते खोटं होतं."

असं वाक्य साहेबांनी याआधी फक्त दुकानदारांकडून वदवून घेतलं होतं.

मुलगी वडिलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्याजवळ कोणीच नव्हतं, बाबा. मग तुम्ही इथे कोणाच्या भरवशावर राहणार होता?"

 उत्तर जमनाबाईनं दिलं, बोंबील उलटवता उलटवताच.

"रोज येईन असं मी बोलणार नाही. मासळी आली की मला मरायला पण वेळ नसतो. पण पडले तर उचलीन. आधी उचललंय, वजन माहीत आहे मला."

एक बाई हसली. मग दुसरी. मुलीला रडू आलं आणि हसूही आलं. साहेब दोन्हीतलं काही न करता वॉकर वाळूतून उपटायच्या खटपटीला लागले.

गाडी त्या दिवशी गेली नाही. नंतर गेली ती मुलीला एकटीलाच घेऊन. जाताना तिनं जमनाबाईच्या जावेला सकाळच्या स्वयंपाकाला लावून दिलं, न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांडे बसवले आणि स्टूल उचलून गाडीत टाकलं.

इसमानं मात्र घर सोडलं. मांजर माणसापेक्षा हिशेबी. जिथे माल आहे तिथेच राहायला जावं, रोजची ये-जा कशाला, हे त्याला कळलं असावं. तो आगरला एका मोडक्या होडीत राहायला लागला. साहेबांनी काही दिवस बशीत दूध ओतलं, दुपारपर्यंत ठेवलं, मग ओतून दिलं. मुलगी फोनवर विचारायची, मांजर कसं आहे. ते सांगत, गेलं. आपणहून आलं होतं, आपणहून गेलं. मी हरकत घेतली नाही.

मग माझी बदली झाली. निघताना त्यांनी माझी अनामत रक्कम परत दिली आणि बजावलं, नव्या ठिकाणी किराणा मोजून घ्या.

मध्ये काही काळ गेला. मागच्या थंडीत एका कामासाठी तलासरीला जाणं झालं, तेव्हा वाट वाकडी करून डहाणूला उतरले. घराला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, साहेब सकाळी आगरला असतात, रिक्षावाला नेऊन सोडतो.

आगरला बांबूंवर बोंबील चमकत होते आणि त्यांच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत साहेब बसले होते. डोक्यावर टोपी, हातात लांब वेताची काठी. शेवटी काठी हातात आली होती, पण टेकायला नव्हे. बसून काय करता, आमची मांजरं तरी हाका, असं म्हणून जमनाबाईनं त्यांना कामाला लावलं होतं. कावळा उतरला की काठी उठायची. काळं मांजर आलं, काठी उठली. करड्या मांजराला तर त्यांनी जागच्या जागी असं खडसावलं की ते बिचारं होडीखाली जाऊन बसलं. बाकीच्या बायका सांगत होत्या, साहेब बसायला लागल्यापासून एक बोंबील हलत नाही.

मी जवळ जाऊन बसले. म्हणाले, वास येत असेल, सवय होते. माझ्या नोकरीची चौकशी केली, नव्या गावचे दुकानदार कसे आहेत ते विचारलं. बोलता बोलता मोडक्या होडीच्या मागून इसम बाहेर आला. आता जाड झाला होता, एक कान फाटलेला. तो सावकाश, जराही न लपता, बांबूंच्या रांगेपाशी आला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि एक बोंबील दातांनी ओढून घेतला.

साहेबांनी मान समुद्राकडे वळवली. तिकडे एकही बोट नव्हती. तरी ते बराच वेळ तिकडेच बघत राहिले, डोळ्यांवर हाताची सावली धरून, काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय अशा चेहऱ्यानं. इसमाचं खाऊन झालं, तोंड पुसून झालं, तो होडीत परत गेला, तेव्हा त्यांनी मान इकडे केली.

जमनाबाई पलीकडे मासे निवडत होती. तिनं हे सगळं पाहिलं होतं. तिनं नुसतं त्या रांगेतलं रिकामं झालेलं टोक हेरलं आणि तिथे दुसरा बोंबील अडकवला.